मल्लवीर कै. खाशाबा जाधव

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या विजयाच्या क्षणावर खिळून राहते. सिंहासनावर बसलेला राजा आपणांस दिसतो. सिंहासनापर्यंत त्यानें तुडविलेली वाट दिसत नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आज येथें सांगण्याचें योजिलें आहे, त्यांच्या विजयाचा क्षण तर फारच थोडका होता. सन १९५२ च्या जुलै महिन्याच्या २३ व्या तारखेस फिनलंड देशाची राजधानी हेल्सिंकी येथें त्यांच्या हातीं एक कांस्यपदक आलें. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूनें एकट्याच्या बळावर ऑलिंपिक सामन्यांत मिळविलेलें तें पहिलें पदक होय. तशाच प्रकारचें दुसरें पदक या देशांत येण्यास पुढें ४४ वर्षें लागलीं. एवढ्यावरूनच त्या लहानशा पदकाची किंमत ध्यानांत यावी. परंतु एका शेतकऱ्याच्या मुलाला तेथवर पोहोंचण्यास काय करावें लागलें, त्याच्या पाठीशीं कोण उभें राहिलें, आणि विजयानंतर त्याच्या वाट्यास काय आलें, हें जाणून घेतल्यावांचून ती किंमत पुरतेपणीं कळावयाची नाहीं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म ता. १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर या गांवीं झाला. कृष्णा व कोयना या दोन नद्या जेथें समोरासमोर येऊन मिळतात, त्या कऱ्हाड शहराच्या अगदीं नजीक हें गांव वसलें आहे. घर शेतकऱ्याचें, वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान. पांच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. ज्या घरांत कुस्तीचा विषय भाकरीइतकाच नित्याचा, तेथें मुलांस आखाड्याची गोडी वेगळी लावावी लागत नाहीं. कळूं लागल्यापासून खाशाबा वडिलांच्या देखरेखीखालीं लाल मातींत उतरूं लागले. बांधा ठेंगणा व अंगकाठी बारीक. पाहणारास हा मुलगा मल्ल होईल असें सहसा वाटलें नसतें. परंतु अंगांतील चपळाई व श्वास टिकवून धरण्याची शक्ति या दोन गोष्टींनीं शरीराची ती उणीव भरून काढिली.

आपल्या परभणी जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस कुस्तीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या कांठच्या गांवीं जत्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा फड भरतो, हलगी कडाडते, नारळापासून आरंभ होऊन मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत कुस्त्या लागतात, हें सर्वांच्या पाहण्यांतील आहे. तालमीच्या हौद्यांतील मातींत हळद, ताक, तेल व लिंबाचा रस घालून ती मऊ व निर्दोष राखितात. पैलवान अनवाणी, लंगोट कसून तींत उतरतो. एकाची पाठ मातीला लागून तो चितपट झाला म्हणजे कुस्ती निकालीं निघते. खाशाबांचें सर्व शिक्षण या मातींतच झालें. मान व खांदा यांस मिठी घालून प्रतिस्पर्ध्यास उचलून आपटण्याचा जो ढाक नांवाचा डाव आहे, त्यांत त्यांचा हातखंडा होता.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत सन १९४० पासून त्यांचें शिक्षण झालें. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. १९४२ च्या चळवळींत सातारा जिल्हा अग्रभागीं होता, आणि शाळकरी खाशाबांनींही भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देण्याचें व त्यांचीं पत्रकें पोहोंचविण्याचें काम केलें. मात्र यामुळें ना तालीम सुटली, ना शाळा. पुढें ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर ही मल्लविद्येची राजधानीच. शाहू छत्रपतींनीं मल्लांस उदार आश्रय देऊन खासबागेचें विशाल मैदान बांधविलें, तेव्हांपासून देशोदेशींचे पैलवान तेथें येत असत. तेथें बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे जाणते वस्ताद त्यांस लाभले.

कॉलेजांतील एक हकीकत विद्यार्थ्यांनीं लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. वार्षिक क्रीडासामन्यांत नांव घालण्यास खाशाबा गेले, तेव्हां त्यांची किरकोळ शरीरयष्टि पाहून व्यायामशिक्षकांनीं त्यांचें नांव घेण्याचें नाकारिलें. खाशाबा रागावले नाहींत, कीं मुकाट्यानें परतलेही नाहींत. ते थेट प्रिन्सिपॉलांकडे गेले व केवळ एक संधि मागितली. ती मिळाली, आणि आपल्याहून कितीतरी धिप्पाड मुलांस त्यांनीं एकामागून एक पाडिलें. त्यांच्या पुढील आयुष्यांतही असे प्रसंग पुनःपुन्हां आले. दरवाजा लागलेला दिसावा, त्यांनीं तो सभ्यपणें ठोठवावा, आणि उघडतांच आंत जाऊन आपली योग्यता सिद्ध करावी, असें त्यांचें वर्तन राहिलें.

सन १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळें बारा वर्षें हे सामने झाले नव्हते. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच आपल्या निशाणाखालीं जाणार होता. त्या वेळीं आपला मराठवाडा निजामाच्या राज्यांत असून परभणीवर तिरंगा फडकण्यास अजून कांहीं आठवडे अवकाश होता. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलिल्यामुळें २२ वर्षांचे खाशाबा लंडनास जाऊं शकले. तेथें गेल्यावर मात्र त्यांस कळून आलें कीं, आपण जी कुस्ती शिकलों ती एक, व जगांत चालणारी कुस्ती दुसरी. तेथें माती नव्हती, गादी होती. पायांत बूट घालावे लागत. कुस्तीस वेळेची मर्यादा असे, आणि कोणी चितपट न झाल्यास पंचांच्या मतांनीं निकाल लागे. मातींत पाय रोवून उभें राहण्याची संवय असलेल्या मल्लाची गादीवर कशी त्रेधा उडत असेल, याची कल्पनाच करावी.

अमेरिकेचे रीस गार्डनर यांनीं लंडनांत त्यांस गादीवरील कुस्तीचे धडे दिले. तेवढ्या थोडक्या तयारीवर खाशाबांनीं ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविलें. इराणच्या मल्लापुढें मात्र त्यांची मात्रा चालली नाहीं. सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत त्यांचा सहावा क्रमांक लागला. प्रथमच गादीवर उतरलेल्या नवख्या मल्लास हें यश कांहीं लहान नव्हे. परंतु सहाव्या क्रमांकाचें कौतुक ऐकत बसण्यास ते तयार नव्हते. जें उणें पडलें तें कोठें पडलें, याचा विचार करीत ते परत आले, व पुढील चार वर्षें त्यांनीं त्या विचारास अनुसरून मेहनत केली. जोर, बैठका, धांवणें व लढत यांचा क्रम त्यांनीं चुकूं दिला नाहीं. एका गटानें वर, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या वजनांत लढण्याचें त्यांनीं ठरविलें.

१९५२ सालची हेल्सिंकीची वारी जवळ आली, तेव्हां दोन संकटें एकदमच उभीं राहिलीं. पहिलें निवडीचें. मद्रास येथील सामन्यांनंतर त्यांचें नांव संघांतून गळालें. आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची खात्री होती. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. क्रीडाक्षेत्रांत महाराजांच्या शब्दास मोठें वजन होतें. त्यांनीं निरंजन दास या प्रतिस्पर्ध्याबरोबर पुन्हां कुस्ती लावून दिली, आणि खाशाबांनीं तींत विजय मिळवून आपली जागा परत घेतली. ज्याला आपल्या बाजूच्या न्यायाविषयीं खात्री असते, तो पुन्हां परीक्षा द्यावयास भीत नाहीं.

दुसरें संकट पैशाचें, व तें अधिक कठीण होतें. निवड झाली तरी प्रवासाचा व राहण्याचा खर्च ज्याचा त्यानेंच करावयाचा होता. शेतकऱ्याच्या घरांत हजारों रुपये कोठून यावे? गोळेश्वरच्या लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली. कऱ्हाडच्या व आसपासच्या दुकानदारांनीं, ओळखीपाळखीच्या लोकांनीं हातभार लाविला. सरकारदरबारीं खेटे घातल्यावर चार हजार रुपये मिळाले. तरीही रक्कम पुरेना. अशा वेळीं राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकिलें व सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हवालीं केले.

क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. शिक्षकाची मिळकत ती केवढी, आणि घर म्हणजे जन्माची पुंजी. १९५२ सालीं सात हजार रुपये म्हणजे कित्येकांच्या अनेक वर्षांची कमाई होती. ज्या विद्यार्थ्यास हे पैसे दिले तो पदक घेऊन येईल, अशी हमी कोण देणार? त्यापूर्वीं कोणाही भारतीय मल्लास असें पदक मिळालें नव्हतें. तो रिकाम्या हातानें आला असता तर घर सावकाराच्या घशांत जाण्याचा धोका होता. तरी प्रिन्सिपॉलसाहेबांनीं हा धोका पत्करिला, कारण त्यांनीं या मुलाची मेहनत पाहिली होती. शिष्यानें गुरूवर श्रद्धा ठेवावी असें आपण नेहमीं सांगतों. गुरूनें शिष्यावर श्रद्धा ठेवल्याचें याहून मोठें उदाहरण क्वचित् सांपडेल.

हेल्सिंकीच्या सामन्यांस ६९ देशांचे खेळाडू जमले होते. सोव्हिएट रशिया त्या सालीं प्रथमच ऑलिंपिक सामन्यांत उतरला होता, आणि त्याचे मल्ल फार भारी म्हणून त्यांचा दरारा होता. भारताचा हॉकीचा संघ पूर्वींप्रमाणें सुवर्णपदक मिळवील, अशी सर्वांची अपेक्षा होती व ती पुरीही झाली. मल्लांकडून मात्र कोणी फारशी आशा केली नव्हती. कोल्हापूरकडचेच दुसरे मल्ल केशव माणगावे यांनींही या सामन्यांत उत्तम झुंज दिली. पदक अगदीं थोडक्यांत त्यांच्या हातचें गेलें.

खाशाबांनीं कानडाच्या मल्लास हरविलें, मेक्सिकोच्या मल्लास हरविलें, जर्मनीच्या मल्लासही हरविलें. आतां शेवटचे तीन उरले: जपानचे शोहाची इशी, रशियाचे रशीद मामेदबेकोव्ह व भारताचे खाशाबा जाधव. जपानी मल्लाशीं त्यांची झुंज फार चुरशीची झाली व तींत ते थोडक्यांत हरले. ती दीर्घ कुस्ती आटोपते न आटोपते तोंच त्यांस रशियन मल्लापुढें उभें राहावें लागलें. दोन कुस्त्यांच्या मध्यें जी विश्रांति मिळावयास हवी होती ती त्यांस मिळाली नाहीं, आणि त्यांच्या वतीनें तक्रार मांडण्यास त्या वेळीं कोणी भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता, असें पुढें नेहमीं सांगण्यांत आलें. थकलेल्या शरीरानें ते लढले व हरले. सुवर्णपदक इशी यांस, रौप्यपदक मामेदबेकोव्ह यांस व कांस्यपदक खाशाबांस मिळालें. कृष्णाकांठच्या मातींत वाढलेला मुलगा जगांतील पहिल्या तीन मल्लांत जाऊन उभा राहिला.

परत आल्यावर त्यांचें जें स्वागत झालें त्याची हकीकत कऱ्हाडकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १५१ बैलगाड्या सजवून लोकांनीं त्यांची मिरवणूक काढिली. ढोल, लेझीम व गुलाल यांनीं रस्ते भरून गेले. जो मार्ग चालून जाण्यास फारसा वेळ लागूं नये, त्यास कित्येक तास लागले. या गाड्या सरकारनें पाठविल्या नव्हत्या. पेरणीच्या व कोळपणीच्या कामांतून बैल सोडून शेतकऱ्यांनीं त्या आणिल्या होत्या. ज्यांनीं आणे-रुपये देऊन त्यांस धाडिलें होतें, तेच लोक आपला वाटा पाहावयास आले होते.

परंतु खाशाबांचा मोठेपणा मिरवणुकींत बसण्यांत नव्हता. त्यानंतर त्यांनीं जें केलें त्यांत होता. गुलाल धुऊन टाकिल्यावर त्यांच्या मनांत पहिला विचार आला तो गहाण पडलेल्या घराचा. त्यांनीं ठिकठिकाणीं कुस्त्यांचीं मैदानें घेतलीं, स्वतः लढले, व त्यांतून आलेला पैसा प्रिन्सिपॉल खर्डीकरांस परत केला. ज्याच्या हातीं जगाचें पदक आहे त्यानें प्रथम आपलें ऋण फेडावें, या गोष्टीचें मोल पदकाहून कमी समजूं नये. लोक कीर्ति मिळाल्यावर उपकार विसरतात, असा सर्वत्र अनुभव येतो. येथें कीर्तीचा उपयोगच उपकाराच्या फेडीसाठीं झाला.

सन १९५५ मध्यें ते पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर म्हणून दाखल झाले. पुढील वर्षींच्या मेलबर्न येथील सामन्यांस जाण्याची त्यांची आकांक्षा गुडघ्याच्या दुखापतीनें धुळीस मिळविली. पोलिसांच्या सामन्यांत त्यांनीं यश मिळविलें, तरुण शिपायांस कुस्तीचे धडे दिले, आणि सुमारे २७ वर्षें नोकरी इमानें केली. बढती मात्र फार उशिरां, नोकरीच्या अगदीं अखेरीस मिळाली, व ते असिस्टंट कमिशनर म्हणून सेवानिवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठींही त्यांस झगडावें लागलें. १९८२ सालीं दिल्ली येथें आशियाई सामने भरले, तेव्हां ज्योत वाहून नेणारांत त्यांस स्थान मिळालें, एवढा एक सन्मान त्यांच्या उतारवयांत नमूद करण्याजोगा आहे. ता. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामने दोनच दिवसांपूर्वीं समाप्त झाले होते, आणि त्यांत भारतास एकही पदक मिळालें नव्हतें. ज्या देशास एका पदकाची तहान लागली होती, त्या देशांत पदक आणून दाखविणारा पुरुष असा बहुतेक अप्रसिद्धपणें निघून गेला.

मृत्यूनंतर मान आले. १९९६ सालीं अटलांटा येथें लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें कांस्यपदक मिळविलें, तेव्हां लोकांस एकाएकीं आठवण झाली कीं, यापूर्वीं असें पदक कोणी बरें आणिलें होतें. खाशाबांस मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यांत आला, आणि २०१० सालच्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळीं दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. कुस्तींतील पुढचें पदक २००८ सालीं सुशील कुमार यांनीं बीजिंग येथें मिळविलें; म्हणजे त्या एका विद्येंत ५६ वर्षांचें अंतर पडलें. २०१६ सालीं साक्षी मलिक या मुलीनेंही रिओ येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां खाशाबांनीं उघडलेली वाट मुलींनाही मोकळी झाल्याचें जगानें पाहिलें.

या चरित्रापासून काय घ्यावें? मल्लविद्या सर्वांस साधेल असें नाहीं, आणि ऑलिंपिकपर्यंत जाणारे तर कोट्यवधींत एखाददुसरेच. परंतु नाकारलें गेल्यावर पुन्हां एक संधि मागण्याचें धैर्य, सहाव्या क्रमांकावर समाधान न मानतां चार वर्षें खपण्याची चिकाटी, व घेतलेला पैसा परत करण्याची शुद्ध बुद्धि, या तीन गोष्टींस ना मोठें शरीर लागतें, ना मोठें घराणें. त्या परभणीच्या शाळेंतील कोणत्याही मुलास वा मुलीस साधण्यासारख्या आहेत. आणि आम्हां शिक्षकांस व गांवकऱ्यांसही यांत एक धडा आहे. गुणी मूल आपल्या दारीं येऊन उभें राहील तेव्हां त्याचा बारीक बांधा पाहून त्यास परत धाडावयाचें, कीं खर्डीकरांप्रमाणें त्याच्यावर आपलें कांहीं पणास लावावयाचें, हा प्रश्न आपणांपुढें दर वर्षीं नव्यानें येतो. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनीं व कोल्हापूरच्या एका शिक्षकानें त्याचें उत्तर १९५२ सालींच देऊन ठेविलें आहे.